सतरा

प्रश्न माझाच होता.
शेमायाने त्याला फक्त धार लावली,
यहोयारीबने मूठ बसवली,
आणि शब्बाथाच्या उतरत्या दुपारी
सभास्थानाच्या पायरीवर आम्ही तो
हनमेलपुढे ठेवला,
कोकरापुढे पाला ठेवावा तसा.

हनमेल कातडी कमवायचा.
मग्दालाच्या वेशीबाहेर त्याचे हौद,
अंगाला चुन्याचा आणि कुत्र्याच्या विष्ठेचा वास,
सणाला आंघोळ केली तरी न जाणारा.
तरी लोक त्याच्याकडे जायचे.
आमच्याकडे यायचे ते काडीमोडाचा कागद लिहून घ्यायला.
हे खुपत होतं. दुसरं काही नाही.
धर्माचं नाव आम्ही त्याला नंतर दिलं.

"गुरुजी," मी म्हणालो
(गुरुजी हे शेमायाने सुचवलेलं),
"शब्बाथाच्या दिवशी एकाला वाटेत थैली सापडली.
थैली जकातदाराची, वर रोमी शिक्का.
उचलली, तर ओझं वाहिलं, शब्बाथ मोडला.
न उचलावी, तर शेजाऱ्याचं हरवलेलं दिसूनही तोंड फिरवलं.
परत करावी, तर आपलं रक्त पिणाऱ्याला
रक्तच परत केलं.
ठेवून घ्यावी, तर चोरी.
नियमशास्त्र काय सांगतं?"

इकडे आड, तिकडे विहीर,
आणि काठावर आम्ही तिघे, दाढ्या कुरवाळत.

मासे खारवणाऱ्या बायका थांबल्या होत्या,
त्यांची पोरं भिंतीवर चढली होती.
हनमेल नखातला चुना काढत बसला.
बराच वेळ.
मग मान वर न करता म्हणाला,
"किती नाणी होती?"

"सतरा," मी म्हणालो.

यहोयारीब खो खो हसला.
"सतरा असोत नाहीतर सत्तर! उत्तर द्या."
बायकाही हसल्या.
मला मात्र पायरी हलल्यासारखी वाटली.

रात्रभर जागून घडवलेल्या त्या प्रश्नात
आकडा कोणीच घातला नव्हता.
आकडा माझ्या घरी होता,
पिठाच्या रांजणात, तळाशी,
बायकोच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला,
वल्हांडणाच्या आठवड्यापासून.

आता त्याने माझ्याकडे पाहिलं.
एक शब्द पुरे होता.
जमाव त्याचा होता, दुपार त्याची होती,
दगड तर मग्दालात कुठेही मिळतात.

"ऊन उतरलंय," तो म्हणाला.
"तीन तारे दिसले की शब्बाथ सरेल.
त्या माणसाला सांग,
अंधारात थैली फारशी जड लागत नाही."

"आणि जकातदार?" शेमाया ओरडला.
"तो पापी नाही?"
"त्याचा हिशेब मोठा आहे, मला येत नाही.
हा सतरांचा आहे."

उत्तर टाळलं, असं शेमायाने गावभर सांगितलं.
पंधरा दिवसांनी आरोप ठरला:
जकातदाराचा कैवारी.
तिघांत माझं अक्षर वळणदार,
म्हणून हनमेलला सभास्थानातून काढल्याचा लेख
मीच लिहिला.
एकदाही खोडावं लागलं नाही.
तो सरोवरापलीकडे गेला, म्हणतात.
हौद कोरडे पडले. वास अजून आहे.

थैली मी नेली.
त्या रात्री नाही. पुढच्या हिवाळ्यात, पावसात,
सतरा पूर्ण भरून,
कारण मधे दोन मोडली होती.
नाक्यावर दुसराच माणूस होता, तरुण, सर्दीने बेजार.
आधीचा कुठे आहे, विचारलं.
"भरणा कमी पडला त्याचा.
सिदोनच्या बंदरात वल्ही मारतोय,
जगला असेल तर."

मी थैली फळीवर ठेवली.
त्याने वही उघडली, बोरू शाईत बुडवला.
"किती?"

त्या दुपारी जीभ कशी पटकन वळली होती.
शाई बोरूच्या टोकावर थांबून राहिली,
मागे उंटवाले शिव्या देत होते,
आणि मला आकडा सांगता येईना.